रुळाला कसं कळतं?

गडचिरोली जिल्ह्यात रेल्वेचं स्थानक एकच आहे : देसाईगंज, म्हणजे वडसा. तेही जिल्ह्याच्या उत्तर टोकाला. माझं गाव मार्कंडा, वैनगंगा वळून उत्तरेकडे वाहू लागते त्या जागेचं. महाशिवरात्रीच्या जत्रेला इथे माणसं येतात ती एसटीने, जीपने, पूर्वी बैलबंडीने. रेल्वेने कुणी येत नाही. आम्हाला गाडी बघायची तर वैनगंगा ओलांडून चंद्रपूर जिल्ह्यात मूलला जावं लागतं. ज्या गावाला रेल्वेची शिट्टी ऐकू येत नाही, तिथल्या माणसाने घरात प्लायवूडच्या फळीवर रेल्वे मांडावी, यात फारसं नवल नसावं. माझ्या फळीवर नागभीड जंक्शन आहे. एक फाटा गोंदियाला, एक चांदा फोर्टला, एक नागपूरला.

पण हा लेख त्या फळीवरच्या गाड्यांचा नाही. तो फळीखालच्या तारांचा आहे, आणि त्या तारांनी ज्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं असतं त्याचा. प्रश्न साधा आहे : गाडी या क्षणी कुठे आहे? खेळण्यातल्या रेल्वेला तो पडतो, खऱ्या रेल्वेला पडतो, आणि दोघींनी त्याची जी उत्तरं काढली त्यांचा इतिहास एकमेकांत असा गुंतलेला आहे की एकीची गोष्ट सांगताना दुसरीची सांगावीच लागते.

डोळा, दिवा आणि गोळा

पहिली काही दशकं रेल्वेकडे या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. होतं ते फक्त घड्याळ. एक गाडी सोडली की ठरावीक मिनिटं थांबायचं आणि दुसरी सोडायची. पहिली वाटेत बंद पडली असेल तर ते दुसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला कळायचं ते शेवटच्या क्षणी. तारयंत्र आलं तेव्हा वेळेच्या जागी अंतर आलं. मार्गाचे तुकडे पाडले, त्यांना ब्लॉक म्हटलं, आणि नियम केला की एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी. पुढच्या स्टेशनचा मास्तर ‘गाडी पोचली’ असं कळवेपर्यंत मागच्याने दुसरी सोडायची नाही.

आता ‘गाडी पोचली’ म्हणजे काय? इंजिन पोचलं म्हणजे गाडी पोचली असं नाही. मधे कुठे कपलिंग तुटलं असेल, शेवटचे चार डबे मागे जंगलात उभे असतील. म्हणून शेवटच्या डब्यामागे खूण असते. दिवसा ‘एलव्ही’ अक्षरांची पाटी, रात्री लाल दिवा. ती पाटी किंवा तो दिवा स्टेशनवरच्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा, मगच गाडी पूर्ण आली असं धरायचं. भारतातल्या हजारो लहान स्टेशनांवर शंभर वर्षांहून अधिक काळ ‘गाडी कुठे आहे’ या प्रश्नाचं उत्तर त्या एका नजरेवर अवलंबून होतं.

एकेरी मार्गावर त्याला गोळ्याची जोड होती. दोन स्टेशनांमध्ये विजेने जोडलेली दोन यंत्रं, त्यांत लोखंडी गोळे. दोन्हीकडच्या मास्तरांनी मिळून यंत्र चालवलं तरच एक गोळा बाहेर पडणार, आणि तो परत कुठल्या तरी एका यंत्रात जाईपर्यंत दुसरा निघणार नाही. गोळा चामड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला, आणि ते कडं पळत्या इंजिनातून ड्रायव्हर हातात झेलणार. गोळा खिशात म्हणजे मार्ग आपला. ही व्यवस्था फार सुंदर होती, पण तीही गाडीबद्दल काही सांगत नव्हती. ती फक्त परवानगीबद्दल सांगत होती. गाडीचा पत्ता अजूनही माणसाच्या डोळ्यांत आणि माणसाच्या आठवणीत होता.

आणि माणूस विसरतो. २२ मे १९१५ रोजी स्कॉटलंडच्या सीमेवर क्विन्टिन्सहिल इथे एक स्थानिक गाडी दुसऱ्या गाडीला वाट देण्यासाठी मुख्य मार्गावर उभी केली होती. ती केबिनच्या खिडकीसमोरच उभी होती. सकाळपाळीचा सिग्नलमन स्वतः त्याच गाडीतून कामावर आला होता. तरीही काही मिनिटांनी तो तिला विसरला आणि सैनिकांनी भरलेल्या गाडीला त्याच मार्गावर सिग्नल दिला. दोनशेहून जास्त माणसं गेली. त्या माणसाला बेपर्वा म्हणणं सोपं आहे. मला त्यातला दुसरा भाग अधिक अस्वस्थ करतो : ज्या रुळांवर ती गाडी उभी होती, त्या रुळांना बोलता येत असतं तर ते विसरले नसते.

रॉबिन्सनचा उलटा विचार

रुळांना बोलतं करण्याची युक्ती तोवर चाळीस वर्षं जुनी झाली होती. विल्यम रॉबिन्सन नावाच्या अमेरिकन माणसाने ती काढली, आणि तिची सुरुवात एका मॉडेलपासून झाली. १८७० साली न्यूयॉर्कच्या अमेरिकन इन्स्टिट्यूटच्या प्रदर्शनात त्याने छोट्या रेल्वेची चालती प्रतिकृती मांडली होती. गाडी आली की विजेचा मंडल जोडला जाई आणि सिग्नल धोका दाखवी. लोकांना ते आवडलं. रॉबिन्सनला स्वतःला मात्र त्यात खोट दिसली. तार तुटली, बॅटरी संपली, जोड सुटला, तर मंडल जोडला जाणारच नाही. म्हणजे समोर गाडी उभी असताना सिग्नल ‘मार्ग मोकळा’ असं सांगेल. यंत्र बिघडलं की ते खोटं बोलणार, आणि नेमकं जीवघेणं खोटं बोलणार.

मग त्याने सगळं उलटं केलं. रुळांचा एक तुकडा दोन्ही टोकांना शेजारच्या रुळांपासून विजेच्या दृष्टीने वेगळा करायचा. एका टोकाला दोन रुळांमध्ये बॅटरी लावायची, दुसऱ्या टोकाला रिले. बॅटरीतून निघालेला प्रवाह एका रुळाने जातो, रिलेच्या वेटोळ्यातून फिरतो, दुसऱ्या रुळाने परत येतो. हा प्रवाह अखंड चालू असतो आणि त्याच्या जोरावर रिले उचललेला राहतो. रिले वर, तर मार्ग मोकळा. गाडी आली की तिची चाकं आणि आस मिळून दोन रुळांना थेट जोडतात. प्रवाहाला जवळची वाट मिळते, रिले उपाशी पडतो आणि खाली येतो. रिले खाली, तर सिग्नल लाल.

यातली खरी हुशारी गाडी नसताना दिसते. बॅटरी मेली, रिले खाली. तार तुटली, रिले खाली. रूळ तडकून दुभंगला, बऱ्याचदा तेव्हाही रिले खाली. काहीही बिघडलं तरी यंत्राचं उत्तर एकच : ‘थांबा’. २० ऑगस्ट १८७२ रोजी रॉबिन्सनला याचं पेटंट मिळालं. पुढच्याच एक-दोन वर्षांत अलेक्झांडर कनिंगहॅम मध्य प्रांताच्या दौऱ्यावर होता आणि त्या दौऱ्याच्या अहवालात त्याने मार्कंड्याच्या देवळांचं वर्णन केलं. तेव्हा आमच्या चांदा जिल्ह्यात वरोऱ्याच्या कोळशासाठी वर्ध्याहून फाटा आणायच्या गोष्टी चालल्या होत्या. या तीन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. पण काळ डोळ्यांसमोर यावा म्हणून मी त्या शेजारी मांडतो.

बिघडलं तर सुरक्षिततेच्या बाजूने बिघडावं, हे तत्त्व आज विमानापासून लिफ्टपर्यंत सगळीकडे आहे. रेल्वेने ते रोजच्या वापरात आणलं, अगदी साध्या भौतिकशास्त्राच्या बळावर. लोखंडी गुरुत्वाकर्षणाने खाली पडतं. रिलेला वर राहायला कारण लागतं, खाली यायला लागत नाही.

लाकूड, लोखंड आणि पाऊस

ही युक्ती भारतात आली तेव्हा तिला भारताशी जुळवून घ्यावं लागलं. १९२८ साली मुंबईत व्हीटी ते भायखळा या टप्प्यावर देशातले पहिले स्वयंचलित रंगीत दिव्यांचे सिग्नल लागले. त्यांचा पाया ट्रॅक सर्किट हाच होता. पण तीन वर्षांपूर्वीच, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, तिथे १५०० व्होल्ट डीसीवर विजेची गाडी सुरू झाली होती, आणि इंजिनाने वापरलेला प्रवाह परत जातो तो रुळांतूनच. म्हणजे त्याच लोखंडातून शेकडो अँपिअरचा कर्षणप्रवाह जाणार आणि त्याच लोखंडातून ‘गाडी आहे की नाही’ सांगणारा इवलासा प्रवाहही जाणार. उपाय असा : गाड्या डीसीवर चालतात तिथे शोधणारा प्रवाह एसी ठेवायचा. पुढे देशभर २५ हजार व्होल्टचं एसी कर्षण आलं, तिथे उलट : शोधणारा प्रवाह डीसी. दोन आवाजांचा कल्लोळ होऊ नये म्हणून एकाने दुसऱ्या पट्टीत बोलायचं, इतकंच.

दुसरी अडचण स्लीपरची. आपल्याकडे कित्येक दशकं ओतीव लोखंडाचे स्लीपर फार वापरले गेले. सीएसटी-९ हा त्यांतला सगळ्यांत नावाजलेला नमुना. वाळवी लागत नाही, सडत नाहीत, टिकतात. पण लोखंडी स्लीपर दोन्ही रुळांना आपणच जोडतो. ट्रॅक सर्किटला तिथे कायमच गाडी उभी दिसणार. म्हणून ट्रॅक सर्किट हवं तिथे लाकडी स्लीपर. ज्या लाकडाकडे आपण फक्त ओझं पेलणारी वस्तू म्हणून पाहतो, ते तिथे विजेला अडवायचं कामही करत होतं. आलापल्ली-बल्लारशाच्या सागवानाच्या मुलखात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट वाचताना थोडी वेगळी लागते. जंगलातून बाहेर जाणाऱ्या लाकडाचे ट्रक आम्ही लहानपणापासून पाहिले. लाकूड ही विजेच्या हिशेबातलीही वस्तू आहे हे मला खूप उशिरा कळलं. पुढे काँक्रीटचे स्लीपर आले. त्यांच्यात लोखंडी तारा असतात, पण रुळाखाली रबराचं पॅड आणि क्लिपेशी नायलॉनचा लायनर बसतो, आणि लाकडाचं ते दुसरं काम या दोन स्वस्त वस्तू करतात.

तिसरी अडचण पावसाची. खडी कोरडी असेल तर दोन रुळांमधून फारसा प्रवाह गळत नाही. खडीत माती साचली, पाणी भरलं, की गळती वाढते. रिलेला पुरेसा प्रवाह मिळत नाही, तो पडतो, सिग्नल लाल होतो. मुंबईत पाणी तुंबल्यावर ‘सिग्नल यंत्रणेत बिघाड’ अशी घोषणा होते तेव्हा पुष्कळदा घडलेलं एवढंच असतं. प्लॅटफॉर्मवर खोळंबलेला माणूस यंत्रणेला शिव्या घालतो. ते स्वाभाविक आहे, पण त्या क्षणी रॉबिन्सनचं यंत्र त्याला नेमून दिलेलं कामच करत असतं : खात्री नाही, म्हणून थांबा.

रॉबिन्सनच्या युक्तीलाही एक दुखरी जागा आहे, आणि ती वर्दळ नसलेल्या मार्गांवर दुखते. रुळावर गंज चढला की चाक आणि रूळ यांचा विजेचा संपर्क नीट होत नाही. गाडी उभी असते, रिले वरच राहतो. दिवसातून मोजक्या गाड्या जातात तिथे हा धोका जास्त. अशा ठिकाणी आणि दोन स्टेशनांमधल्या लांब टप्प्यांवर ॲक्सल काउंटर उपयोगी पडतो. तो रुळांना काही विचारत नाही. तुकड्याच्या तोंडाशी आत जाणाऱ्या आसा मोजतो, शेवटाला बाहेर पडणाऱ्या मोजतो. जेवढ्या आत तेवढ्या बाहेर, तर मार्ग मोकळा. ‘एलव्ही’ची पाटी पाहणाऱ्या डोळ्याची ही यंत्रातली आवृत्ती. मात्र तुटलेला रूळ त्याला कळत नाही, आणि हिशेब चुकला की तो माणसालाच पुन्हा शून्यावर आणावा लागतो.

हे सगळं नसतं तिथे काय होतं, ते आपण पाहिलेलं आहे. २० ऑगस्ट १९९५ च्या पहाटे फिरोझाबादजवळ कालिंदी एक्सप्रेसच्या इंजिनाखाली नीलगाय आली. ब्रेक लागून गाडी जागीच अडकली. केबिनमधल्या माणसाच्या समजुतीप्रमाणे ती पुढे गेलेली होती. मागून येणाऱ्या पुरुषोत्तम एक्सप्रेसला मार्ग मिळाला. मृतांचा आकडा साडेतीनशेच्या घरात गेला. रॉबिन्सनच्या पेटंटची तारीखही २० ऑगस्टच, बरोबर १२३ वर्षं आधीची. योगायोगाला अर्थ नसतो, पण ही तारीख मला विसरता येत नाही.

खेळण्यातली रेल्वे उलटी चालते

आता फळीकडे येऊ. माझी फळी नॅरोगेजची आहे, आणि त्याला गणिताचंही कारण आहे. एचओ प्रमाण म्हणजे १:८७. त्यात मिळणारा रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचा असतो, जो युरोपातल्या स्टँडर्ड गेजला बरोबर बसतो. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर; त्याला १९ हून जास्त मिलिमीटर लागतील. पण आमचा जुना नॅरोगेज ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागलं तर पावणेनऊ येतात, आणि नऊ मिलिमीटरचा रूळ बाजारात सहज मिळतो. बंगाल-नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदियाहून नागभीडवरून चांद्यापर्यंत नेलेली ती छोटी गाडी गेल्या शतकाच्या शेवटी ब्रॉडगेज झाली. नागपूर-नागभीड तेवढी उरली होती. २०१९ च्या अखेरीस तीही बंद झाली. ती आता फळीवरच चालू शकते.

मॉडेल रेल्वेत वीज रुळांतूनच इंजिनाला मिळते. एका रुळाला एक टोक, दुसऱ्याला दुसरं. म्हणून चाकांनी दोन रूळ एकमेकांना जोडून चालत नाही, शॉर्ट होईल. प्रत्येक आसेवर एका चाकाखाली प्लॅस्टिकची पुंगळी असते. इथेच खऱ्या रेल्वेची युक्ती बाद झाली. खऱ्या गाडीची चाकं रुळांना जोडतात म्हणून रिले पडतो. खेळण्यातली चाकं जोडतच नाहीत.

मग गाडी कळणार कशी? तिने वीज वापरली की कळेल. १९५८ साली ‘मॉडेल रेलरोडर’ मासिकाच्या लिन वेस्टकॉटने दोन ट्रान्झिस्टरचं ‘ट्विन-टी’ नावाचं सर्किट छापलं. गाडी थांबलेली असो की चालती, कुठल्याही दिशेची, त्या तुकड्यातून किंचित प्रवाह वाहिला की दिवा लागतो. जगभरच्या हौशी माणसांनी ते घरी जोडलं. पुढे ऐंशीच्या दशकात जर्मनीत डिजिटल नियंत्रण आलं, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बर्न्ड लेन्झ यांच्या पद्धतीवर अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने डीसीसी हे मानक उभारलं. यात रुळांत कायम पूर्ण दाब असतो, साधारण १४-१५ व्होल्ट, पण त्याची दिशा सेकंदात हजारो वेळा पालटते. अर्धी लहर ५८ मायक्रोसेकंदांची असेल तर तो ‘एक’, शंभर किंवा अधिक असेल तर ‘शून्य’. या एक-शून्यांत पत्ता आणि आज्ञा. रुळावर दहा इंजिनं असली तरी ज्याचा पत्ता तेच ऐकतं. मुंबईच्या रुळांत कर्षणाचा प्रवाह आणि शोधाचा प्रवाह शेजारी नांदत होते. इथे तर अन्न आणि निरोप एकाच तारेने येतात.

तपासाची पद्धत त्यामुळे सोपी झाली. तुकड्याला जाणाऱ्या एका तारेत एकमेकांच्या उलट दिशेने दोन डायोड लावा. तुकड्यात कुणी वीज घेत असेल तर डायोडवर सुमारे पाऊण व्होल्ट पडतो, तो ओळखा. किंवा ती तार एका छोट्या वेटोळ्यातून ओवून घ्या, प्रवाह वाहिला की वेटोळ्याला कळतं. इंजिनाला काही शे मिलिअँपिअर लागतात, ते लगेच दिसतं. डबा मात्र काहीच घेत नाही. म्हणजे इंजिन पुढच्या तुकड्यात गेलं आणि शेवटचा डबा मागे सुटला तर फळीला पत्ता नाही. एकोणिसाव्या शतकातला तोच जुना प्रश्न पुन्हा! उत्तरही तेच. शेवटच्या डब्याच्या आसेवर, प्लॅस्टिकच्या पुंगळीला ओलांडून, दहा हजार ओहमचा एक इवला रेझिस्टर चिकटवायचा. चौदा व्होल्टला त्यातून दीड मिलिअँपिअरही जात नाही, पण तेवढं पुरतं. तो रेझिस्टर म्हणजे फळीवरचा लाल दिवा, ‘एलव्ही’ची पाटी.

आणि इथे एक गोष्ट लक्षात येते, जी हौशी माणसांच्या बोलण्यात फारशी येत नाही. प्रवाह वाहिला तर गाडी आहे. नाही वाहिला तर मार्ग मोकळा. मग तार तुटली तर? सोल्डर सुटला तर? प्रवाह नाही, म्हणजे मोकळा. रॉबिन्सनने १८७० च्या प्रदर्शनानंतर जी पद्धत टाकून दिली, तीच आपण सगळे आपापल्या फळ्यांखाली पुन्हा जोडतो आहोत. मार्कलिनच्या तीन रुळांच्या पद्धतीत एक बाहेरचा रूळ वेगळा करून आसेने तो जोडला जाताना ओळखतात. तिथेही हाच न्याय. खेळण्यात हे चालतं, कारण टक्कर झाली तर डबा उचलून परत ठेवता येतो. जिथे चूक उचलून परत ठेवता येत नाही, तिथे रॉबिन्सन लागतो. दोन्ही रेल्वेंमधला फरक मला ८७ पटीच्या आकारापेक्षा या एका गोष्टीत जास्त दिसतो.

कोथरूड आणि बहानगा

मराठी मुलखात ही विद्या डोळ्यांनी पाहायची तर पुण्यात कोथरूडला जावं. भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभारलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय तिथे १ एप्रिल १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. एचओ प्रमाणातलं एक अख्खं शहर, त्यात स्थानकं, उड्डाणपूल, सर्कस, तरण तलाव, डोंगर चढणारी गाडी, आणि या सगळ्यांमधून एकमेकींना न अडवता धावणाऱ्या गाड्या. खालची जागा त्यांच्या सौदामिनी इन्स्ट्रुमेंट्स या कारखान्याची. सौदामिनी म्हणजे वीज. पोरं गाड्यांकडे बघतात; मी तिथे उभा असताना कुठली गाडी कुठल्या गाडीसाठी थांबते आणि किती वेळ, तेच बघत राहिलो. थांबलेली गाडी सांगते की कुठे तरी कुणाला तरी दुसरीचा पत्ता लागलेला आहे.

अशी मांडणी नुसती हौस नसते. भुसावळला रेल्वेच्या प्रशिक्षण संस्थेत मॉडेल रूम आहे. होणारे स्टेशनमास्तर खऱ्या गाडीला हात लावण्याआधी छोट्या मार्गावर हात बसवतात. आधी तिथे चुकावं, मग इथे न चुकावं, असा तो हिशेब.

पण चूक फक्त मास्तरची नसते. गाडी ओळखणारं यंत्र कितीही चोख असो, त्याने ओळखलेलं योग्य जागी पोचवणारी तार योग्य असावी लागते. फळीखाली काम केलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. दोन जाड तारा फळीच्या लांबीभर न्यायच्या, दर थोड्या अंतरावर त्यांतून बारीक तारा वर रुळाला जोडायच्या. एका रुळाला एक रंग, दुसऱ्याला दुसरा, तपास तुकड्यांना तिसरा. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी. मग वर येऊन रुळावर रुपयाचं नाणं आडवं ठेवायचं; जिथे ठेवू तिथे क्षणात वीज खंडित झाली पाहिजे. झाली नाही तर तिथली तार अपुरी आहे. माझ्या फळीला गाड्या मांडायला एक रविवार लागला. चिठ्ठ्या लावायला त्याहून कितीतरी जास्त.

२ जून २०२३ च्या संध्याकाळी ओडिशात बालासोरजवळ बहानगा बाजार स्टेशनात कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला. सांधा मात्र लूप मार्गाकडे होता, आणि लूपवर मालगाडी उभी होती. २९० हून अधिक माणसं गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत कारण निघालं ते तारांचं : लेव्हल क्रॉसिंगच्या फाटकाशी पूर्वी केलेला सर्किटमधला बदल आणि त्या दिवशी तिथे चाललेलं काम. तारांच्या चिठ्ठ्या प्रत्यक्ष जोडणीशी जुळत नव्हत्या, आणि ही विसंगती वर्षानुवर्षं पेटीत तशीच होती. लूपवर मालगाडी आहे हे रुळाला कळत होतं. सांधा कुठे वळला आहे हे मात्र सिग्नलला चुकीचं सांगितलं गेलं. रॉबिन्सनच्या यंत्रात तार तुटली तर गाडी थांबते. तार भलत्याच जागी जोडली तर काय, याचं उत्तर कुठल्याच रिलेकडे नाही. ते चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या हाताकडे आणि ती पुन्हा तपासणाऱ्याच्या डोळ्यांकडे आहे. ‘कवच’सारखी नवी व्यवस्था आली, इंजिनाला रेडिओवरून सगळं कळू लागलं, तरी तिला मुळातली माहिती याच पेट्यांतून मिळणार आहे.

रुळाला जे कळत नाही

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. ट्रॅक सर्किट असलेल्या मार्गावर रेल्वेचे कामगार जी ढकलट्रॉली चालवतात, तिची चाकं मुद्दाम विजेपासून अलग केलेली असतात. ती केली नाहीत तर ट्रॉली गेली की सिग्नल लाल होतील आणि गाड्या अडतील. म्हणजे ट्रॉलीवर बसलेली माणसं यंत्राच्या दृष्टीने तिथे नसतातच. त्यांना वाचवायला लाल झेंडी, हाक आणि कान एवढंच. फिशप्लेटा आणि चाव्या तपासत रोज मैलोगणती चालणारा कीमनही असाच, रुळाच्या हिशेबाबाहेर.

आमच्या भागात आणखीही कुणी हिशेबाबाहेर आहे. चांदा फोर्ट-गोंदिया मार्ग ताडोबाच्या शेजारच्या जंगलातून जातो. नोव्हेंबर २०१८ मध्ये चिचपल्लीजवळ वाघाचे तीन बछडे गाडीखाली आले. त्या क्षणी गाडी कुठल्या तुकड्यात आहे हे दोन्हीकडच्या स्टेशनांना ठाऊक होतं. बछडे कुठे आहेत ते ठाऊक असण्याचं काही साधन नव्हतं. वाघाच्या पावलाने रिले पडत नाही. नीलगाईच्याही नाही. फिरोझाबादची गोष्ट आपण गाडी न दिसण्याची म्हणून सांगतो, पण तिची सुरुवात एका न दिसलेल्या जनावरापासून झाली होती.

दीडशे वर्षांत रेल्वेने एका प्रश्नाचं उत्तर फार नेटाने घडवलं : गाडी कुठे आहे. हत्तींच्या वाटांवर आता रुळाशेजारी ऑप्टिकल फायबर घालून जमिनीचा थरकाप ऐकण्याचे प्रयोग चालू आहेत, म्हणजे दुसरा प्रश्नही विचारायला सुरुवात झाली आहे : गाडीसमोर कोण आहे. वडशाहून गडचिरोलीपर्यंतच्या नव्या मार्गाचं काम सुरू आहे, आणि तोही जंगलाच्या मुलखातूनच येतो आहे. त्याच्या रुळांना गाडी कळेल, याबद्दल मला शंका नाही. ते शास्त्र आता पक्कं झालेलं आहे. त्या मार्गावर पहिली गाडी येईल तेव्हा मी ती पाहायला जाईन, आणि माझं लक्ष इंजिनाकडे नसेल. रुळाशेजारच्या त्या राखाडी पेट्यांकडे असेल, ज्यांच्या आत कुणीतरी प्रत्येक तारेला चिठ्ठी लावलेली असते. आणि पेट्यांच्या पलीकडे, जिथे झाडी सुरू होते, तिकडे.